शाई कुठं वाळायला हवी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड लिहून काढलाय. बोलतानाचे "म्हणजे" आणि "काय म्हणतात ते" शक्य तितके काढलेत. काही राहिलेच असतील, सांभाळून घ्या.

आजची गोष्ट आमच्या कोल्हापूरच्या घरातल्या एका प्रिंटरपासून सुरू होते. मग मिरज, मुंबई, इंग्लंड, जपान असं फिरून परत त्याच टेबलावर येते.

झालं असं. आमच्या आज्जीला आता बारीक अक्षर दिसत नाही. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत, तरी पोथीतली अक्षरं तिला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून पप्पा तिला हरिपाठ मोठ्या अक्षरात टाईप करून, छापून देतात. एका पानावर जेमतेम दोन अभंग. आषाढी एकादशीला दहा दिवस राहिले होते आणि आज्जीने भजनी मंडळातल्या बाकी म्हाताऱ्यांनाही शब्द देऊन टाकला होता, "आमचा नातू इंजिनियर हाय, छापून देतोय सगळ्यांस्नी."

मी प्रिंट दिली. पान बाहेर आलं आणि बघतो तर अक्षरांच्या डोक्यावरच्या रेघा गायब. पानावर ठरावीक अंतराने आडव्या पांढऱ्या पट्ट्या. पट्टी दोन ओळींच्या मधे पडली तर कळतही नाही, पण नेमकी शिरोरेखेवर आली की सगळी ओळ टकली होते. इंग्रजी मजकूर असता तर कदाचित चालूनही गेला असता. आपल्या लिपीत सगळी अक्षरं एकाच दांडीला टांगलेली. दांडी गेली की भ आणि म मधला फरक शोधत बसा. आज्जीने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं आणि शांतपणे म्हणाली, "माझं डोळं आनि गेलं वाटतं."

तिचे डोळे नव्हते गेले. प्रिंटरचं हेड चोक झालं होतं.

मी बीटेक. दिवसभर सर्व्हर आणि लॉग बघणारा माणूस. म्हटलं, हे काय, पाच मिनिटांचं काम. हेड क्लीनिंग मारलं. एकदा, दोनदा, सहा वेळा. टाकीतली काळी शाई डोळ्यांदेखत खाली गेली, पट्ट्या तशाच. सर्व्हिस सेंटरला फोन केला. त्यांनी नवीन हेडचा जो आकडा सांगितला, त्यात अजून थोडे घातले की नवीन प्रिंटर येईल. वर म्हणाले, "सर, नवीनच घ्या की."

आता या गोष्टीतला मला न आवडणारा भाग. दोन महिने मी पुण्यात ऑफिसला होतो, उन्हाळ्यात. घरी प्रिंटर पप्पाच वापरत होते. मी त्यांना विचारलं, "प्रिंट झाल्यावर बंद कसा करता?" ते म्हणाले, "बोर्डावरनं. खटका बंद, विषय संपला." आणि मी भडकलो. म्हटलं, "पप्पा, बटणावरनं बंद करायचं असतंय ते! हे तुमच्या काळातलं मशीन नाही."

ते काहीच बोलले नाहीत. चष्मा काढला, पुसला आणि आत गेले.

इथं पप्पांबद्दल सांगायला हवं. पप्पा मंगळवार पेठेतल्या एका छोट्या छापखान्यात वयाच्या सतराव्या वर्षी लागले. कंपोझिटर म्हणून. म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून, उलटे वाचत, स्टिकमध्ये जुळवायचे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल, कुस्तीच्या मैदानाची पोस्टरं. पुढे ऑफसेट आलं, खिळे भंगारात गेले, आणि पप्पा चाळिशीच्या आसपास श्रीलिपीवर मराठी टाईप करायला शिकले. या माणसाला मी "तुमच्या काळातलं मशीन नाही" म्हणालो होतो.

रात्री झोप येईना. म्हटलं, निदान हे तरी बघू की शाई वाळते का आणि वाळू नये म्हणून लोकांनी आजवर काय काय केलंय. आणि वाचता वाचता जे सापडलं, तोच आजचा एपिसोड.

एका शाईकडून दोन उलट अपेक्षा

छपाईचं सगळं गणित एका भांडणात आहे. शाई कागदावर पडली की पटकन वाळली पाहिजे, नाहीतर बोट लागलं की फासते. आणि तीच शाई यंत्रात असताना अजिबात वाळता कामा नये. शाई एकच, अपेक्षा दोन, आणि त्या एकमेकींच्या उलट. जगात छपाईची जेवढी तंत्रं आली, त्या प्रत्येकाला हे भांडण आपापल्या पद्धतीने मिटवावं लागलं.

खिळ्यांच्या छपाईची शाई म्हणजे काजळी आणि जवसासारखं वाळणारं तेल. मलमासारखी घट्ट. ती वाळते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, सावकाश. म्हणून दिवसभर ट्रेडल मशीनच्या रुळांवर ती ओली राहते. पण रात्रभर तशीच सोडली तर सकाळी रुळांवर साय धरल्यासारखी कातडी. म्हणून छापखान्यात रोज संध्याकाळी एक काम ठरलेलं असायचं: रॉकेलने रूळ धुणे, खिळे पुसणे आणि मग मेन स्विच खाली. पप्पांनी हे वर्षानुवर्षं केलं. बोर्डावरचा खटका बंद करणं हा त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. ती त्यांच्या धंद्याची शिस्त होती. हे मला रात्री दीड वाजता कळलं.

मिरज, १८०५

आपल्याकडे छपाई पहिल्यांदा आली गोव्यात. १५५६ साली जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजमध्ये छापखाना सुरू झाला आणि तो आशियातला युरोपीय पद्धतीचा पहिला. पण तिथून आत, घाटावर यायला तिला अडीचशे वर्षं लागली.

आणि ती जिथं आली ते ठिकाण माझ्या घरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. मिरज. पुण्यात नाना फडणवीसांच्या काळात इंग्रज रेसिडेंट मॅलेटच्या सांगण्यावरून एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून छापायला शिकवलं गेलं. गीता छापायचा बेत होता. तो पुण्यात तडीस गेला नाही. नाना १८०० साली वारले, आणि तो कारागीर मिरजेला गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाला आला. १८०५ मध्ये मिरजेत गीता छापली गेली.

विचार करा, आख्खी गीता, तांब्याच्या पत्र्यावर, हाताने कोरलेली. एक अक्षर चुकलं तर बॅकस्पेस नाही. मी कोल्हापूर–मिरज पॅसेंजरने कितीतरी वेळा गेलोय. मिरज म्हणजे तंबोरे-सतारी आणि दवाखाने एवढंच डोक्यात होतं. हे कोणी शाळेत सांगितलं नव्हतं.

तुपाची शाई

पुढचा माणूस मुंबईचा, गणपत कृष्णाजी. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तिथं काम बघून या माणसाने स्वतःचं यंत्र उभं केलं. शाई कशी करायची, कुठल्या दगडावर छापायचं, सगळं प्रयोग करून. १८३१ साली त्याने मराठी पंचांग छापलं.

पण गिऱ्हाईक वेगळ्याच कारणाने बिचकत होतं. शाईत जनावराची चरबी असते असा समज होता, त्यामुळे छापलेली पोथी सोवळ्यात चालणार कशी? तेव्हा गणपत कृष्णाजींनी धार्मिक ग्रंथांसाठी शाईत चरबीऐवजी तूप वापरलं, असं सांगितलं जातं. मला या गोष्टीतला विनोद आवडतो आणि त्यामागचा शहाणपणाही. मशीन नवं आणलं तरी लोक जुनेच असतात, त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं. सॉफ्टवेअरवाले याला मोठं इंग्रजी नाव देतात.

ही तुपाची गोष्ट सकाळी आज्जीला सांगितली. ती म्हणाली, "मग आपल्या मशीनीत काय घातलाईस?" म्हटलं, "पाणी आणि रंग." तिला ते पटलं. आणि खरंच, घरच्या प्रिंटरची शाई मुख्यतः पाणीच असते. इथंच आपली अडचण सुरू होते.

शाई उडवायची कशी?

जुन्या छपाईत अक्षर कागदावर दाबलं जातं. इंकजेटमध्ये कागदाला काही टेकतच नाही, शाईचा थेंब हवेतून उडत येतो. ही कल्पना वाटते तेवढी नवी नाही.

१८६७ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी समुद्राखालच्या तारेतून येणारे संदेश टिपायला एक यंत्र केलं. इतका क्षीण विद्युतप्रवाह यायचा की त्याच्या जोरावर पेन कागदावर घासणंही शक्य नव्हतं. मग केशासारख्या बारीक काचेच्या नळीतून विद्युतभारित शाई कागदावर टेकल्याशिवाय सोडायची. १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी पाण्याच्या धारेचे थेंब का होतात याचं गणित मांडलं. नळ अगदी बारीक सोडून बघा: धार वर अखंड दिसते, खाली तुटून थेंब होतात. ते तुटणं कधी आणि किती अंतरावर, हे गणितात बसतं.

१९५१ च्या सुमारास स्वीडनच्या रूने एल्मक्विस्ट यांनी त्यातून हृदयाचा आलेख काढणारं यंत्र केलं. शाईची बारीक धार ठोक्याबरोबर हलते आणि कागदावर रेघ उमटते. याच माणसाने बनवलेला पेसमेकर १९५८ मध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवला गेला. म्हणजे आज ज्याला आपण प्रिंटर म्हणून शिव्या घालतो, त्याचा एक पूर्वज दवाखान्यात होता.

मग १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला रिचर्ड स्वीट यांनी सतत थेंब सोडायचे आणि विजेच्या भाराने हवे तिकडे वळवायचे हे तंत्र आणलं. पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांची जी तारीख असते, ती बहुतेक वेळा अशीच छापलेली असते. तिथं शाई कायम वाहती, त्यामुळे वाळायला सवड कमी.

पण घरच्या प्रिंटरला असं सतत शाई उधळणं परवडणार नाही. थेंब हवा तेव्हाच पाहिजे. याची दोन उत्तरं निघाली, आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात सापडतात.

पहिलं उत्तर चहाच्या भांड्याचं. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईतून शाई पिचकली. उष्णतेने बुडबुडा, बुडबुड्याने थेंब बाहेर. साधारण त्याच काळात अमेरिकेत एचपीचे जॉन व्हॉट स्वतंत्रपणे त्याच विचारापर्यंत पोचले. १९८४ मध्ये एचपीचा थिंकजेट आला. त्याच्या हेडला फक्त १२ छिद्रं होती, आणि ते हेड शाईच्या कार्ट्रिजमध्येच बसवलेलं. शाई संपली की हेडसकट फेकून द्या. म्हणजे शाई वाळण्याचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला? वाळायच्या आतच भाग बदलून. हुशारीच, फक्त खिसा आपला.

दुसरं उत्तर गॅस लायटरचं. लायटर 'टक्' करतो तेव्हा आत एका स्फटिकासारख्या तुकड्यावर ठोका बसतो आणि वीज तयार होते. हा पिझो परिणाम क्युरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. उलटही होतं: वीज दिली की तुकडा किंचित वाकतो. एपसनने हा मार्ग धरला, आणि १९९३ मध्ये त्यांचा स्टायलस ८०० आला. यात उष्णता नाही, त्यामुळे हेड वर्षानुवर्षं टिकू शकतं. म्हणून ते प्रिंटरमध्येच कायमचं बसवतात. आणि म्हणूनच ते चोक झालं की सर्व्हिस सेंटर तो मोठा आकडा सांगतं. आमच्या घरचा इंक टँक प्रिंटर याच जातीचा.

मग नेमकं काय बिघडलं?

या हेडला शेकडो छिद्रं असतात, माणसाच्या केसापेक्षा बारीक. एक थेंब काही पिकोलिटरचा. एका लिटरचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे पिकोलिटर. एवढ्याशा पाण्याला उडून जायला कितीसा वेळ लागणार? कोल्हापूरचा एप्रिल पुरेसा आहे.

म्हणून प्रिंटरमध्ये एका कोपऱ्यात रबरी कडेची छोटी टोपी असते, आत ओला स्पंज. छपाई झाली की हेड तिथं जाऊन बसतं आणि टोपी खालून घट्ट लागते. बटण दाबून बंद केला की प्रिंटर आधी हेड टोपीत ठेवतो आणि मग झोपतो. पान बाहेर आल्याआल्या बोर्डावरून वीज तोडली तर हेड वाटेतच उघडं राहतं. दोन महिने उघडं राहिलं होतं. त्यात आमची काळी शाई पिगमेंट, म्हणजे त्यात कार्बनचे अतिसूक्ष्म कण. पाणी उडालं की कण जागेवर घट्ट. काजळी १८३१ ला होती, आजही आहे.

आपल्या गावाला एक खोड आहे: बिघडलं की आधी उघडून बघायचं. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी सिनेमाचा जुना प्रोजेक्टर खोलून त्यातून यंत्र समजून घेतलं, आणि १९१८ मध्ये बाबूरावांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा तयार केला. उद्यमनगरात आजही कुठलाही पार्ट घेऊन जा, "बघू की" म्हणणारा माणूस भेटतो. मीही दुसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर आणि टाचणी घेऊन बसलो.

तेवढ्यात मागून आवाज आला. "टाचणी लावशील तर गेलं म्हणून समज."

पप्पा होते. शेजारी स्टूल ओढून बसले. म्हणाले, "खिळ्यात शाई वाळली तर आम्ही कधी खरवडायचो नाही. खरवडलं की अक्षराचं तोंड जातंय. भिजवायचं आणि सोडायचं. वाळायला दोन महिने लागलेत न्हवं, मग सुटायला एक रात्र दे की."

मग आम्ही दोघांनी मिळून जे केलं, ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरी उपयोगी पडेल.

आधी नॉझल चेकचं पान काढा, थोड्या वेळाने परत काढा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. तुटक्या रेघा दोन्ही पानांवर त्याच जागी असतील तर शाई वाळलीय. जागा बदलत असतील तर बहुतेक नळीत हवा शिरलीय. त्याला भिजवून उपयोग नाही, काही तास शांत ठेवून मग क्लीनिंग करायचं.

हेड क्लीनिंग लागोपाठ दोन-तीनदाच. ती शाई कुठं जाते? प्रिंटरच्या पोटात एक मोठा स्पंज असतो त्यात. तो भरला की प्रिंटर काम थांबवतो. माझी सहा क्लीनिंग म्हणजे शुद्ध उधळपट्टी होती.

प्रिंटर चालू करा, हेड मधे आलं की प्लग काढा. हात घालायचा तो प्लग काढल्यावरच. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको, क्षार बसतात. टोपीच्या रबरी कडेवरची वाळलेली शाई न तंतू सुटणाऱ्या ओल्या कापडाने हलकेच पुसा. टोपीच्या स्पंजवर चार-पाच थेंब टाका, हेड हाताने हळूच टोपीवर आणा, आणि रात्रभर विसरून जा. सिरिंजने जोरात पाणी मारू नका, आतला नाजूक भाग फुटतो. ॲसिटोन किंवा थिनर तर अजिबात नको.

सकाळी एकच क्लीनिंग, मग नॉझल चेक.

पहिल्या सकाळी अर्ध्या रेघा आल्या. पप्पा म्हणाले, "बघ." दुसऱ्या रात्री परत भिजवलं. तिसऱ्या सकाळी एक सोडून सगळ्या रेघा आल्या. ती एक आजपर्यंत आलेली नाही. पण क्वालिटी 'हाय' ठेवली की प्रिंटर एकाच ओळीवरून अनेकदा जातो आणि गेलेल्या छिद्राची जागा दुसरं भरून काढतं. शिरोरेखा अखंड येते.

एकादशीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या सगळ्या प्रती छापून झाल्या. पप्पांनी प्रत्येक पान उचलून, सवयीने, कोपऱ्याला बोट लावून बघितलं, वाळलंय का. मी म्हटलं, "पप्पा, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं." ते पानं सारखी करत म्हणाले, "बटण कुठलं ते दाखव आता." दाखवलं. त्यांनी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहून बोर्डावरच्या खटक्याखाली लावलं: "आधी मशीनचं बटण. दिवा विझू दे. मग हा."

अक्षर अगदी छापल्यासारखं.

आता दर रविवारी आम्ही एक रंगीत पान छापतो, शाई वाहती राहावी म्हणून. काय छापायचं ते आज्जी ठरवते. गेल्या रविवारी विठोबा होता, त्याच्या आधी तिच्या माहेरच्या शेताचा जुना फोटो.

तर मंडळी, तुमच्या घरी कोपऱ्यात पडलेला प्रिंटर असेल तर भंगारात द्यायच्या आधी त्याला दोन रात्री द्या. आणि घरात कुणी छापखान्यात काम केलेलं असेल, तर त्यांना शाईबद्दल विचारा आणि रेकॉर्ड करून ठेवा. पप्पांचं रेकॉर्डिंग मी सुरू केलंय. पहिला तास नुसता खिळ्यांच्या केसमध्ये कुठलं अक्षर कुठल्या खणात असायचं यावर गेलाय, आणि ते सगळं त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, बटणावरनं बंद करा!